जावयाच्या तिकिटावर

ताईच्या मनगटाचं हाड मोडलं, त्याच्या अकराव्या दिवशी जिजाजींनी आईला आणि मला कॅनडाची तिकिटं पाठवली. बिझनेस क्लासची. मागोमाग व्हॉट्सअॅपवर एक यादी आली: पहिल्यांदा बिझनेस क्लासने जाणाऱ्यांनी काय करावं आणि काय करू नये. ज्या माणसाने बायकोचा हात पिरगाळून मोडला, तो आम्हाला शिकवत होता की विमानात पायमोजे काढू नयेत, शेजाऱ्यांना वाईट दिसतं.

चोरखमाऱ्याच्या तलावाखाली आमची धानाची शेती आहे. रोवणं नुकतंच आटोपलं होतं आणि आईच्या नखांत अजून चिखल होता. ओसरीत बसून मी तिला यादी वाचून दाखवली. आपली रांग वेगळी असते, गर्दीच्या रांगेत उभं राहू नका. लाउंजमध्ये जेवण मांडलेलं असतं, ताट शिगोशीग भरू नका. विमानातल्या मुलींना 'ओ बाई' अशी हाक मारू नका, बटण असतं, ते एकदाच दाबा. गरम टॉवेल देतील. मोठ्याने बोलू नका. घरचं लोणचं उघडू नका. आणि शेवटी, विमानातली हवा कोरडी असते, दर तासाला पाणी प्या. त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र.

"टॉवेल तोंडाले का हाताले?" आईने विचारलं.

"हाताले."

"बरं."

एवढंच बोलली आणि कोंबड्या कोंडायला उठली. मला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

झालं होतं ते असं. त्या रात्री शेजारणीने पोलिसांना बोलावलं. ताईला बायकांच्या निवाऱ्यात नेलं, जिजाजींना तिच्या जवळ फिरकायला बंदी झाली. आता तिने जबाबावर ठाम राहायचं की सगळं मागे घेऊन त्याच्या घरी परत जायचं, हे तिच्यावर होतं. तिने मला फोनवर सांगितलं, "आई म्हणेल तसं करीन." हे तिने त्यालाही कुणाकडून तरी कळवलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी तिकिटं आली. व्हिसा आमच्याकडे आधीपासून होता, मागच्या वर्षी फिरायला बोलावतो म्हणाला होता तेव्हाचा. त्याला आईच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं: जा, आपल्या घरी जा. त्यासाठी तो तिला गादीवर झोपवून, पांघरूण घालून सातासमुद्रापार नेत होता.

आणि आई काय म्हणेल ते मला माहीत नव्हतं. हीच भीती होती.

मी अक्षरं पत्रकांवर शिकले. बाबा पत्रकं लिहितात, तिरोड्याला छापून आणतात आणि पिशवीत भरून एसटीने पार अर्जुनी मोरगावच्या बाजारापर्यंत वाटत जातात. हुंडा, भानामती, दारू, रोवणाऱ्या बायांची मजुरी. उरलेली पत्रकं आमच्या भिंतींना लागायची. चुलीमागच्या भिंतीवर ठळक अक्षरांत होतं: बाईवर हात उचलतो तो मर्द नाही, मुर्दाड आहे. मी ते बोट फिरवत फिरवत वाचायला शिकले. आणि त्याच भिंतीसमोर बाबांनी आईला मारलेलं मी पाहिलं आहे. एकदा नाही. बाबांचा हात हलका होता, असं आई सांगते. म्हणजे त्यात काठी नसायची.

आता मीही पत्रकं लिहिते. दारू दुकानावर लिहिलं, कंत्राटदारावर लिहिलं, त्यासाठी एकदा मार खाल्ला. चुलीमागच्या भिंतीसमोर जे घडलं त्यावर एक ओळ लिहिली नाही.

निघताना बाबा म्हणाले, "तिले शांततेनं समजावा." काय समजावायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. माझ्या पिशवीत कायद्याच्या कलमांची टिपणं होती आणि जिजाजींसमोर करायचं भाषण होतं. पण खरं सांगायचं तर मला बोलायचं नव्हतं. मला त्याचं मनगट हवं होतं. गोंदियाहून नागपूरला जाणाऱ्या गाडीत खिडकीचा गज धरून मी तोच विचार करत होते: किती जोर लागतो? एका हाताने होतं, की गुडघा टेकवावा लागतो?

दिल्लीला सामान तपासताना आईच्या बाटलीतलं पाणी गेलं. घरच्या विहिरीचं पाणी होतं. शिपायाने बाटली बादलीत उपडी केली आणि रिकामी परत दिली. आई त्या बादलीकडे बघत राहिली.

लाउंजमध्ये गेलो. दिवाणखान्यासारखी जागा, मऊ खुर्च्या, हळू आवाजात बोलणारी माणसं आणि मधोमध लांबलचक जेवण. मी यादीतला नियम मोडायचा म्हणून ताट शिगोशीग भरलं. छोले, पुलाव, तीन प्रकारची मिठाई. आईने स्वतःच्या पिशवीतून तांदळाच्या पिठाचा लाडू काढला आणि कोरडाच खायला लागली.

"आई, घे ना काहीतरी. सगळं फुकट आहे."

"फुकट नाई. जवायाचं आहे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, तिला मूल होईपर्यंत तर नाहीच, ही आमच्याकडची जुनी रीत. आईच्या हिशेबी तिकीट जावयाचं म्हणजे लाउंज जावयाचं, विमान जावयाचं, विमानातला पाण्याचा घोटसुद्धा जावयाचा.

माझं डोकं फिरलं. "दान दिलेल्या वस्तूकडून परत काही घ्यायचं नाही, म्हणून ती रीत आहे. ताई काय गाय आहे का दान द्यायला? बाबांचं पत्रक आहे यावर. मला पाठ आहे."

"मलेही पाठ आहे," आई म्हणाली. "खळ म्याच शिजवली होती ते चिकटवाले."

मग ती उठली, लाउंजच्या बाहेर गेली आणि सगळ्यांसाठी असलेल्या नळावर बाटली भरून आणली. "हे सरकारचं आहे ना?"

तेही टिकलं नाही. विमानाच्या दाराशी पुन्हा एक तपासणी होती. कॅनडाच्या विमानात असं पाणी चालत नाही, म्हणाले. आम्ही मानाच्या वेगळ्या रांगेत होतो. मागे कोट घातलेले दोघे, एक मोत्यांची माळ घातलेली बाई. शिपायाने बाटलीला हात घातला. आईने सोडली नाही. त्याने ओढली, तिने ओढली. रोवणं करून आलेला हात होता तो, शिपायाच्या कपाळावर घाम आला.

"माताजी, छोडिए."

"पेऊन तं जाऊ शकतो?" तिने मला विचारलं. मी शिपायाला विचारलं. तो वैतागून म्हणाला, "पी लो, जल्दी."

आईने तिथंच, रांगेच्या तोंडाशी, बाटली तोंडाला लावली. लिटरभर पाणी. गळ्याची घाटी वरखाली होत होती, पाणी हनुवटीवरून पदरावर सांडत होतं, मागची बाई "ओ गॉड" म्हणून सरकली. आई थांबली नाही. शेवटचा घोट संपल्यावर तिने बाटली शिपायाच्या हातात ठेवली आणि धापा टाकत म्हणाली, "घे आता."

विमानात प्रत्येकाला आपली खोलीच असते म्हणा. लाकडी कठडा, समोर पडदा, बटण दाबलं की खुर्ची आडवी होऊन पलंग. एक मुलगी आली आणि चक्क गुडघ्यांवर बसून बोलायला लागली. आई दचकून पाय वर घेत म्हणाली, "इले सांग, खाली नोको बसू." गरम टॉवेल आला, आईने मान हलवली. सरबत आलं, मान हलवली. बदामांची वाटी आली, मान हलवली. मी सगळं घेतलं. त्याने विकत घेतलं म्हणजे मी विकले गेले असं होत नाही, हे माझं तत्त्व होतं आणि अजूनही आहे. मी मेजावर पांढरं कापड अंथरून घेतलं, दोन वेळा मासे मागवले, मोजे काढले आणि पाय कठड्यावर ठेवले.

चौथ्या तासाला आईचे ओठ पांढरे पडले. सहाव्या तासाला तिने जीभ टाळूवरून सोडवताना आवाज झाला, मला ऐकू आला. मी आठवण करून दिली: दर तासाला पाणी प्या. ती म्हणाली, "त्याची यादी त्याच्यापाशी." मुलगी दर वेळी येऊन विचारायची, मॅमना काही चालेल का, फळं, चहा, नुसतं पाणी? इतक्या मायेने विचारायची की मला तिचाही राग यायला लागला. विमानातले दिवे मंद झाले. सगळे डोळ्यांवर पट्ट्या बांधून प्रेतांसारखे सरळ झोपले होते.

नवव्या तासाला आई संडासला जायला उठली आणि कठड्यावर आदळली. मी धरून तिला बसवलं. हाताची कातडी कागदासारखी लागत होती. आणि माझ्या आत इतके दिवस जे साचलं होतं, ते त्या माणसावर निघायचं होतं, ते हिच्यावर निघालं. मी पाण्याचा काचेचा पेला उचलला, तिच्या मानेमागे हात घातला, केस मुठीत आले तेही मला कळलं, आणि पेला तिच्या दातांवर दाबला.

"पी! मरशील इथं. पी म्हणते ना!"

तिने तोंड मिटून घेतलं. मी आणखी दाबला. मग तिने माझ्या थोबाडीत मारली. पेला उडाला, कठड्यावर फुटला, पाणी आणि काचा गादीवर. इतक्या शांत जागेत तो आवाज बंदुकीसारखा झाला. पलीकडच्या माणसाने पट्टी वर करून पाहिलं आणि बटण दाबलं. एकदाच.

मुलगी धावत आली. मी इंग्रजीत म्हणाले, काही नाही, हात लागला. तिने काचा वेचल्या, गादीवर कोरडं पांघरूण टाकलं, माझ्या गालाकडे पाहिलं आणि गेली. आईच्या खालच्या ओठातून रक्त आलं होतं. ते मी काढलं होतं. पत्रकं लिहिणारीने.

बऱ्याच वेळाने आई बोलली. आवाज लाकडावर कानस घासावी तसा येत होता.

"तू पोटात होती. तुया बापानं मले विहिरीपाशी मारलं. काऊन, तं सभेले आलेल्या लोकायसमोर मी मधात बोलली म्हनून. डोरा सुजून बंद झाला होता. माह्या बापाले कोनी तरी निरोप देला. तो अर्जुनीहून एसटीनं आला, मले न्याले. काठी घेऊन आला होता, बाई. तुयी ताई माह्या कडेवर, मी गाठोडं बांधून बसली होती."

"मग?"

"तुया बाप लय गोड बोलला. मामाजी, बसा. मामाजी, जेवून जा. माहा बाप म्हने, मी लेकीच्या घरचं पानी पेत नाई. तं यानं ते पत्रक वाचून दाखवलं. लेक म्हंजे दान नाई, हे जुने रिवाज मोडाले पायजे, तुमच्यासारख्या मोठ्या मानसायनं पयले मोडाले पायजे. माह्या बापाले बरं वाटलं. एवढा शिकलेला जवाई मान देऊन रायला. मग कोंबडा कापला. रांधला म्याच, एका डोऱ्यानं. माहा बाप दोन डाव रस्सा मांगून जेवला."

तिने ओठावरचं रक्त पदराने टिपलं.

"हात धुतला आन् मले म्हने, बाई, मानूस विचाराचा आहे. नांद."

मला ते पत्रक तोंडपाठ होतं, शब्द न् शब्द. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. आजही मी त्याखाली सही करीन. आणि तेच पत्रक माझ्या आजोबांच्या तोंडात घास म्हणून कोंबलं गेलं होतं.

"पण आई," मी म्हणाले, कारण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही, "दोष कोंबड्याचा नाही. आजोबांचा आहे. माणूस खाऊनही खरं बोलू शकतो."

"बोलत असन. मी पाह्यला नाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले जवायाचं भेव नाई. माहं भेव वाटते. याच गादीवर झोपून गेली, त्याचं खाऊन गेली, तं त्याच्या घरी बसल्यावर माह्या तोंडातून बी तेच निघन. नांद बाई. तीस वर्षं तेच तं सोताले सांगतलं."

"मग तू ताईला काय सांगणार आहेस?"

"अजून तोंडात आलं नाई."

तिने डोळे मिटले. खुर्ची तिने शेवटपर्यंत आडवी केली नाही, पाठ ताठ ठेवून बसून राहिली. पुढचे सहा तास मी पाणी प्यायले, लपवत नाही. मला तहान लागली होती.

उतरल्यावर कागदपत्रं तपासणारा अधिकारी आईला काहीतरी विचारत होता आणि तिला शब्द काढता येत नव्हता, उत्तरं मीच दिली. मी तिला म्हणाले, बाहेर आल्या आल्या नळ शोधू. ती म्हणाली, "पयले त्याले पाहू दे."

जिजाजी समोरच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं. गोंदियातल्या व्यापारी घरातला मुलगा, तोंडात कायम साखर. वाकून नमस्कार केला आणि सामानाची गाडी आपल्याकडे ओढून घेतली.

"सफर कैसा रहा, आई? सीट आरामाची होती ना? मुद्दाम खिडकीची घेतली." मग पाण्याची बाटली उघडून पुढे केली. "घ्या. चेहरा किती सुकला तुमचा. यादी वाचली नाही वाटतं?" आणि हसले.

माझं भाषण माझ्या घशात होतं. कलमांसकट. आणि त्याचं मनगट माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, घड्याळ लावलेलं, गोरं, काहीच न झालेलं. मी नुसती उभी राहिले. माझ्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. कोंबड्याला दोष देणार नाही, असं मीच म्हणाले होते.

आईने बाटली घेतली नाही. "माही पोरगी कोठी आहे?"

"भेटाल ना. पहले घर चला, जेवून घ्या, आराम करा. मग शांतीने बोलू. घर की बात है."

"तुया घरी मी येत नाई." मग माझ्याकडे वळून, "तिले फोन लाव."

मी लावला. ताईने पहिल्याच घंटीला उचलला, जणू फोन हातात घेऊनच बसली होती. आईने फोन तोंडासमोर धरला, आरशासारखा, आणि त्या गर्दीत, ट्रॉल्यांच्या खडखडाटात, फाटलेल्या आवाजात ओरडली, "आयकून रायली? त्याच्या घरी जाऊ नोको! मी म्हनून रायली. जे लिहून देलं ते फिरवू नोको. तुयी माय सांगून रायली!"

मग तिने फोन मुठीत आवळून धरला.

जिजाजींच्या तोंडावरची साखर गेली. त्यांनी झेप घेऊन फोनसाठी हात घातला, मी मध्ये आले, तो माझ्या दंडावर पडला आणि तिथेच आवळला. बोटं हाडापर्यंत गेली. ताईने हे किती वेळा सोसलं असेल ते मला त्या एका क्षणात कळलं. "पागल हो गई है बुढिया," ते दात आवळून म्हणाले, "तुम लोगों को यहाँ बुलाया किसने? मैंने!" दुसऱ्या हातात सामानाची गाडी होती, ती ओढत ते मलाही दाराकडे ओढायला लागले.

आईने गाडी पकडली. तिने ती ओढली नाही, ढकलली. दोन्ही हातांनी, सगळं अंग घालून, चिखलात रुतलेली बैलगाडी ढकलावी तशी. लोखंडी कडा त्यांच्या नडगीवर बसली, हाडावर लोखंडाचा आवाज झाला. माझा दंड सुटला. ते ओरडत मागे गेले आणि खाली पडलेल्या फुलांवर बसले. आईने गाडी मागे घेतली आणि पुन्हा ढकलली. दुसऱ्यांदा मी तिला अडवायला हवं होतं. मी अडवलं नाही.

दोन सुरक्षारक्षक धावत आले. एक उंच बाई होती, तिने आईच्या आणि त्यांच्या मध्ये हात आडवे केले. जिजाजी लगेच इंग्रजीत सांगायला लागले, काही नाही, पाय घसरला, आमच्या घरातली म्हातारी आहे, प्रवासाने थकली आहे. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. काय झालं?

मी आईला विचारलं, "काय सांगू?"

आई गाडीचा दांडा धरून उभी होती. ओठावरची जखम पुन्हा फुटली होती.

"मी मारलं म्हनून सांग," ती म्हणाली. "पडला म्हनून नोको सांगू."

मी तसंच सांगितलं. इंग्रजीत ते वाक्य फार लहान झालं. बाईने माझ्या दंडावरचे बोटांचे वळ पाहिले, मग जिजाजींना उठून बाजूला यायला सांगितलं.

फोन आईच्या मुठीत सुरूच होता. मी तो कानाला लावला. ताईचा श्वास ऐकू येत होता, मागे कुणीतरी बाई इंग्रजीत हळूहळू काही विचारत होती.

"ताई?"

"त्याले मारलं आईनं?" ताईने विचारलं.

"हो. दोनदा."

मग नाक ओढल्याचा आवाज आला, किल्ल्यांचा आला.

"तिथंच उभ्या राहा," ती म्हणाली. "त्याच्यासंगं कुठी जाऊ नोका. मी इथल्या बाईले घेऊन निघून रायली."